आईच्या नावाने वाचनालयाला देणगी : कपाट द्यावं की वाचून दाखवणारं माणूस?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका ताईंनी विचारलंय : "आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, गेल्या वर्षी वारली. तिच्या स्मरणार्थ आम्हा भावंडांना गावच्या वाचनालयाला पाच लाख रुपये द्यायचे आहेत, आणि ते शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसाठी वापरले जावेत अशी इच्छा आहे. कार्यकारिणी म्हणते काचेची कपाटं द्या, वर नावाची पाटी लावू. थोरला भाऊ म्हणतो सगळ्याची पुस्तकंच घ्या. धाकटा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला असतो, त्याचा वाटा कसा घ्यायचा? आणि खरं सांगायचं तर, दोन-तीन वर्षांच्या पोरांना वाचनालयाचा उपयोग तरी काय?"

ताई, माझं मत आधी एका दमात सांगून टाकते. कपाटं देऊ नका. सगळ्याची पुस्तकंही घेऊ नका. पाचातला लाखभर रुपया पुस्तकं, सतरंज्या आणि उघड्या मांडण्या यांवर खर्च करा, उरलेले चार लाख ठेवीत घाला आणि त्या व्याजावर लहान मुलांना वाचून दाखवणारं एक माणूस ठेवा. पुस्तकं आणून वाचून दाखवणारं कोणी न नेमणं म्हणजे पेटी-तबला मांडून गवयाला न बोलावण्यासारखं आहे. गोव्यात मांडलेल्या पेटी-तबल्यांची वाचनालयं बरीच आहेत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तो पटला नाही तर बाकीचं बोलण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांचं मूल वाचत नाही. ते पुस्तक उलटं धरतं, कोपरा चावतं, चार पानं एकदम उलटतं. पण मांडीवर बसून ते चित्रावर बोट ठेवतं, मोठं माणूस त्या चित्राचं नाव घेतं, आणि मूल पुन्हा त्याच चित्रावर बोट ठेवतं. ह्या देवघेवीतून भाषा वाढते. घरात आपण लहान मुलाशी बोलतो ते बहुतेक कामापुरतं : जेव, ये, नको, पडशील, नीज. गुहा, दबकत, सळसळ, कंटाळलेला, हळूच हे शब्द स्वयंपाकघरात सहसा येत नाहीत, ते गोष्टीच्या पुस्तकातून येतात. पुढे पहिलीत अक्षरं जुळवताना ज्या मुलाच्या कानावर हे शब्द आधी पडलेले असतात, त्याला अक्षर जुळवल्यावर अर्थ लागतो. ज्याच्या कानावर पडलेले नसतात, ते अक्षरं बिनचूक उच्चारतं आणि कोरं बघत राहतं. तुमच्या आई शिक्षिका होत्या, अशी मुलं त्यांनी वर्गात नक्की पाहिली असणार.

हे नुसतं माझ्या अनुभवाचं म्हणून सांगत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना नुसतं वाचून दाखवण्याऐवजी मुलाला बोलतं करायला शिकवलं : हे काय आहे, तो काय करतोय, आता काय होईल, आणि मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्दांची भर घालायची. महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. दोन्ही गटांतले पालक मुलांना वाचून दाखवतच होते, फरक वाचण्याच्या रीतीचा होता. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, बोस्टनच्या एका सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या बाळांच्या हाती पुस्तक द्यायला आणि आयांना वाचायचं कसं ते दाखवायला सुरुवात केली. १९९२ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला बाळांना पुस्तकांची पिशवी द्यायची योजना निघाली. आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जन्मापासूनच मुलांना वाचून दाखवा, असा सल्ला अधिकृतपणे दिला. ह्यातल्या बऱ्याच कामाला पैसा देणग्यांचा लागला आहे.

पण सत्तरी म्हणजे बोस्टन नाही. आपल्याकडे ही गोष्ट कशी घडते ते सांगते.

सतरंजीवर आठ-दहा पोरं, मागे भिंतीला टेकून आया आणि आज्या. वाचणारी बाई पुस्तक स्वतःकडे नाही, पोरांकडे तोंड करून धरते, म्हणजे तिला अक्षरं तिरकी वाचावी लागतात. ह्याला सराव लागतो. ती वाचते, "कुत्रा पळत पळत आला." पुढ्यातला एक मुलगा कोंकणीत ओरडतो, "सुणें!" बाई म्हणते, "हां, सुणें. तें कितें करता?" तो म्हणतो, "धांवता." बाई मान डोलावते आणि तेच मराठी वाक्य पुन्हा वाचते, जरा सावकाश. एवढंच. पण इथे तिने "कुत्रा म्हण" असं दटावलं असतं, तर त्या मुलाने त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नसतं. आपल्या भागात घरात कोंकणी, नाहीतर सीमेवरच्या गावातली मिश्र बोली, आणि शाळेत मराठी, असं सर्रास असतं. वाचून दाखवणाऱ्याला दोन्हीकडे जाता-येता यावं लागतं. शहरात मराठी शिकून आलेली, झकास आवाजाची पण कोंकणीला नाक मुरडणारी बाई ह्या कामाला चालत नाही. त्यापेक्षा गावातली, बारावी झालेली, पोरांत रमणारी सून कधीही बरी.

आज्यांचं वेगळं सांगायला हवं. पुष्कळ आज्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या पुस्तक घरी न्यायला लाजतात. त्यांच्यासाठी शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं घ्या. अशी पुस्तकं मिळतात. चित्र बघून गोष्ट रचायला आजीला कुणी शिकवावं लागत नाही. खाणीच्या, बांधकामाच्या कामाला आलेल्या कन्नड किंवा ओडिया घरांतली मुलंही आता आपल्या अंगणवाड्यांत असतात, त्यांच्या आयांनाही हीच पुस्तकं उपयोगी पडतात.

आता पैसा कुठे लागतो आणि कुठे लागत नाही ते बघू.

सरकार ग्रंथालयांना काहीच देत नाही, असं म्हणायची आपली सवय आहे, पण ते खरं नाही. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून आहे. देशातल्या सगळ्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत ते गणलं जातं. पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं हे ग्रंथालय आज पणजीतल्याच पाटो भागातल्या प्रशस्त इमारतीत आहे, सोळाव्या शतकातल्या कृष्णदास शामा या ग्रंथकाराचं नाव त्याला दिलेलं आहे, आणि तिथे मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. १९९३ चा गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि त्यात ग्रंथालयांच्या निधीसाठी दारूवर अधिभाराची तरतूद आहे. (गोव्याला शोभेलशीच! निदान पिणाऱ्यांचा एवढा तरी हातभार.) कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांमार्फत पुस्तकं आणि साहाय्य देतं. म्हणजे पुस्तकं, कपाटं, इमारत ह्या गोष्टींसाठी मागायला दारं आहेत. अर्ज, पाठपुरावा, खेटे, पण दारं आहेत.

जे कुठल्याच अनुदानाच्या रकान्यात नीट बसत नाही ते म्हणजे आठवड्यातून दोनदा तासभर येऊन वाचणाऱ्या बाईचं मानधन, चावून फाटलेल्या पुस्तकाच्या जागी नवं पुस्तक, आणि अंगणवाडीपर्यंत पुस्तकांची पिशवी नेणाऱ्याचं पेट्रोल. खासगी देणगीची खरी जागा इथे आहे. सरकार जे देऊ शकतं त्यावर तुमचा पैसा घालवला तर सरकारचे पैसे वाचतील, मुलांच्या पदरात जास्त काही पडणार नाही.

आपली वाचनालयं मुळात उभी राहिली तीच लोकवर्गणीतून. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंना शाळा-संस्था काढायला मोकळीक मिळाली आणि गावोगाव मराठी शाळा आणि वाचनालयं निघाली. मागून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात त्यांच्यावर नजर राहिली, तरी ती टिकली, कारण महिन्याची वर्गणी देणारी माणसं होती. पैसे फार नसत, पण ते दर महिन्याला येत. आज उलट झालंय : एकरकमी देणगी मोठी येते, समारंभ होतो, फोटो निघतात, आणि महिन्याच्या खर्चाला पैसा नसतो.

देणगी देताना अट घालायला संकोच करू नका. अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने १८८३ ते १९२९ या काळात जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले. अमेरिकेतल्या गावांना त्याची अट साधारण अशी असे : जागा तुमची, आणि दिलेल्या रकमेच्या दहा टक्के दर वर्षी ग्रंथालय चालवायला गावाने करातून काढायचे. गावाने हे मान्य केलं नाही तर पैसे नाहीत. तुम्हीही कार्यकारिणीकडून लेखी घ्या की एक हवेशीर खोली, दिवे-पंखा, आठवड्यातले दोन ठरलेले वार आणि त्या वेळी उघडा दरवाजा, एवढं वाचनालयाचं. ह्याला जर आढेवेढे घेतले, तर तुम्हाला वेळेवर कळलं असं समजा.

कपाटांच्या बाबतीत मी एवढी कडवट का, तर एका गावात अशीच स्मरणार्थ दिलेली सुंदर काचेची कपाटं होती. किल्ली एका पदाधिकाऱ्याकडे, आणि तो मुलाकडे मुंबईला. चार महिने पावसाचे गेले. उघडलं तेव्हा खालच्या दोन फळ्यांतली पुस्तकं वाळवीने एकमेकांना चिकटवून टाकली होती आणि वरच्यांवर हिरवट बुरशी. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. बंद कपाटात दमट हवा कोंडून राहते. पुस्तकाला वारा लागतो आणि हाताळणी लागते. उघडी लोखंडी मांडणी घ्या, भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवा, सगळ्यांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर, आणि पुस्तकं कणा दाखवून नाही तर तोंड दाखवून मांडा. अक्षर न कळणारं मूल मुखपृष्ठ बघून पुस्तक निवडतं. आणि बालविभागात डांबरगोळ्या अजिबात नकोत, पोरं खाऊ समजून तोंडात घालतात आणि ते विष आहे.

पुस्तकं कोणती घ्यायची ह्यावर मी खूप बोलू शकते, पण थोडक्यात सांगते. मराठीत तीन ते सहा वयासाठी आता चांगली चित्रपुस्तकं आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य यांच्या याद्या मागवा आणि यादीवरून नाही तर पुस्तक हातात घेऊन निवडा. एका पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, कारण वाचून दाखवलेलं पुस्तक त्याच दिवशी तिघांना घरी न्यायचं असतं. अडचण आहे ती दोन वर्षांखालच्या मुलांची. जाड पुठ्ठ्याच्या पानांची मराठी पुस्तकं फार थोडी मिळतात. त्यावर उपाय म्हणजे गावातलेच फोटो : नदी, पूल, केळीचं बन, देवळातली दीपमाळ, गोठ्यातलं वासरू. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लॅस्टिक चढवलं की दहा पानांचं पुस्तक तयार. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर ह्या संकेतस्थळावर मराठीतल्या आणि कोंकणीतल्या गोष्टी मोफत आहेत, छापून घ्यायची मुभाही आहे.

तुम्ही देणगी जाहीर केली की गावातली माणसं घरातली जुनी पुस्तकं घेऊन येतील. दहावीची गाइडं, वाळवी लागलेले दिवाळी अंक, कुणाच्या तरी मुलाचे संगणकाचे क्रमिक ग्रंथ. नाही म्हणणं जड जातं, कारण देणारा गावातलाच असतो. म्हणून वाचनालयाने आधीच ठराव करून दारावर लावावा : बालविभागासाठी पुस्तकं फक्त निवड समितीने निवडलेली घेतली जातील. मग ग्रंथपालावर वाईटपणा येत नाही.

ग्रंथपालावरून आठवलं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. लहान मुलांना पुस्तकं घरी न्यायला ग्रंथपाल का नकार देतो? तो खडूस असतो म्हणून नाही. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो, तपासणीला पुस्तक हजर नसलं तर जाब त्याला विचारला जातो, प्रसंगी भरपाई त्याच्या पगारातून मागतात. पगार तो केवढा! मग तो पोराच्या हातात पुस्तक देईल कसा? म्हणून तुमच्या देणगीपत्रात एक वाक्य घाला : बालविभागातली वर्षाला इतकी टक्के पुस्तकं फाटतील किंवा हरवतील हे गृहीत धरलेलं आहे, ती निर्लेखित करायचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करायचा अधिकार ग्रंथपालाला राहील, आणि मुलांकडून दंड किंवा अनामत घेतली जाणार नाही. मी वीस टक्के धरायला सांगते. हा ठराव कार्यकारिणीत झाला की कुलपं आपोआप निघतात. पाच लाखांतला एकही रुपया न लागता होणारं हे काम आहे, पण देणगीदाराने मागितल्याशिवाय होत नाही.

आता हिशेब. चार लाखांच्या मुदत ठेवीवर समजा साडेसहा टक्के मिळाले, तर वर्षाचे सव्वीस हजार होतात. वाचून दाखवणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन सत्रं, सत्राला दोनशे रुपये धरले तर महिन्याचे सोळाशे, वर्षाचे सुमारे वीस हजार. उरलेल्या सहा हजारांत फाटलेल्या पुस्तकांची भर निघते. महागाई वाढेल आणि व्याज उतरेल, तेव्हा हे पुरणार नाही. त्यासाठी तुम्ही आणि थोरल्या भावाने दर वर्षी आईच्या तिथीला प्रत्येकी दोन-तीन हजार पाठवायचं ठरवा. मला विचाराल तर ठेवीपेक्षा हा दरवर्षीचा पैसा मोलाचा, कारण त्या निमित्ताने तुम्ही वर्षातून एकदा चौकशी करता, आणि कुणीतरी चौकशी करणार आहे हे कार्यकारिणीला माहीत असतं.

फुकट वाचायला येणारं कोणी मिळेल, मग मानधन कशाला, असं कार्यकारिणी म्हणेल. निवृत्त शिक्षक येतात, उत्साहाने येतात, आणि लग्नसराई, चवथ, शिगमो, आजारपण यांत वार चुकायला लागतात. तीन वर्षांच्या मुलाच्या आजीने दोनदा बंद दार पाहिलं की ती तिसऱ्यांदा येत नाही. मानधन थोडं असलं तरी वार पाळला जातो. स्वयंसेवक जरूर घ्या, पण मुख्य बाईच्या जोडीला. आणि मुलांसोबत घरचं मोठं माणूस बसलंच पाहिजे हा नियम ठेवा : एक तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी, दुसरं म्हणजे वाचायचं कसं हे त्या मोठ्या माणसाने बघावं म्हणून. खरा विद्यार्थी मागे भिंतीला टेकून बसलेला असतो.

निवडलेल्या बाईला आधी पणजीला घेऊन जा. पाटोच्या ग्रंथालयाचा बालविभाग दाखवा, आणि पणजीतलीच बुकवर्म ही संस्था बघा. २००५ पासून ती मुलांच्या वाचनावर काम करते, शाळांत आणि वस्त्यांत पुस्तकं घेऊन जाते. मुलांसमोर पुस्तक कसं धरायचं, कुठे थांबायचं, हे पुस्तकात वाचून येत नाही, कुणाला तरी करताना पाहावं लागतं. जाण्या-येण्याचा खर्च देणगीतून करा, तो सत्कारणी लागतो.

धाकट्या भावाच्या पैशांबद्दल मात्र सांभाळून. गोव्यात घरोघरी हा प्रश्न आहे आणि बहुतेक वाचनालयांना त्याचा पत्ता नसतो. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत असो की लंडनला, त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं तो कायद्याने परदेशी, मग त्याच्याकडे परदेशी झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो, आणि पैसे त्याने इथल्या खात्यातून रुपयांत दिलेले असोत. असे पैसे घ्यायला संस्थेकडे २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा आधी घेतलेली परवानगी लागते, आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. गावच्या वाचनालयाकडे हे नसणारच. खजिनदाराने भोळेपणाने पावती फाडली तर अडचणीत संस्था येते. "भावाने मला द्यावेत आणि मी माझ्या नावाने पुढे द्यावेत" हा मार्ग लोक सुचवतात. मी सुचवणार नाही, सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय तर नाहीच. त्यापेक्षा पाच लाख तुम्ही दोघं द्या, आणि भावाने हवं तर ही नोंदणी असलेल्या एखाद्या बालवाचनाच्या संस्थेला आपला वाटा द्यावा. चवथीला घरी येतो तेव्हा एक सत्र त्याने वाचावं, त्याला कुठलाच कायदा आड येत नाही.

कराचं पटकन : वाचनालयाकडे ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी, मान्यता आहे का ते विचारा. असली तर जुन्या करप्रणालीत, ठरावीक मर्यादेत, साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तुरूपात दिलेली पुस्तकं वजावटीला चालत नाहीत, म्हणून चेकने द्या आणि पुस्तकं वाचनालयाला घेऊ द्या. संस्थेकडून १०बीई नमुन्यातलं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, ते तुमचा लेखापाल सांगेल. चार लाख हे कायम निधीसाठी आहेत, मुद्दल मोडायचं नाही, असं देणगीपत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर तीन वर्षांनी त्यातून छप्पर दुरुस्त होईल. गळकं छप्पर दुरुस्त व्हायलाच हवं, पण त्यासाठी कंपन्यांकडे जावं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हा विषय कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चात बसतो, आणि गोव्यात अशा कंपन्या कमी नाहीत.

नावाची पाटी हवी असेल तर भिंतीवर नको. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर छोटी चिठ्ठी चिकटवा : तुमच्या आईंचं नाव, त्यांची शाळा, त्यांनी शिकवलेली वर्षं. सत्तरीतल्या कितीतरी आज्या त्यांच्याच विद्यार्थिनी निघतील आणि त्या कारणाने पुस्तक घरी न्यायला धजावतील.

चाललंय की नाही हे कसं ओळखायचं? उपस्थितीच्या आकड्यांवर जाऊ नका, खाऊ वाटला की उपस्थिती वाढते. दोन गोष्टी मागा : घरी नेलेल्या पुस्तकांची वही, आणि फाटलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. वर्षाअखेर सगळी पुस्तकं कोरी करकरीत असतील, तर बाईला नाही, कार्यकारिणीला विचारा की किल्ली कुणाकडे असते.

आणि ठेव करायची घाई करू नका. आधी फक्त चाळीसेक हजार द्या. त्यात थोडी पुस्तकं, सतरंजी आणि तीन महिन्यांचं मानधन सहज भागतं. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात सुरू करा, म्हणजे आज्या पोरांना घेऊन घराबाहेर पडतील. अंगणवाडीच्या ताईंना सुरुवातीपासून सोबत घ्या, गावातलं कुठलं मूल कुणाच्या घरी दिवसभर असतं हे त्यांना जितकं माहीत तितकं कुणालाच नसतं. जानेवारीत वही बघा. वार चुकले नसतील, पुस्तकं घरी जात असतील, तर वार्षिक सभेत ठराव करून बाकीचे पैसे द्या. नसतील, तर शेजारच्या गावाच्या वाचनालयाशी बोलायला सुरुवात करा.